ऑक्सिजनची मशीन कुठे आहे? प्रकल्प नोंदी, नागपूर

८ फेब्रुवारी २०२५

नागपूरच्या महाल भागातली ही संस्था रुग्णांना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारी मशीन), सक्शन मशीन (कफ ओढून काढणारी), बायपॅप (दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारी) अनामत रकमेवर घरी वापरायला देते. काम जुनं आहे, चोख आहे आणि रजिस्टर अजून हाताने लिहिलं जातं. अडचण परतीची. रुग्ण गावी गेला की मशीन त्याच्यासोबत जाते. रुग्ण दगावला तर घरच्यांना त्या दिवसांत मशीनचं भान राहत नाही; मग ती मामाच्या घरी जाते, तिथून शेजारच्या आजींकडे. नियत कोणाचीच खोटी नसते. पण तोवर फोन नंबर बदललेला असतो, भाड्याचं घर सुटलेलं असतं. इकडे प्रतीक्षा यादीतला दुसरा रुग्ण घरी ऑक्सिजनची सोय नाही म्हणून वॉर्डातच अडकून पडलेला असतो.

संस्थेचं काम पाहणारे काका म्हणाले, "एक डब्बी बसवून द्या भाऊ. मशीन कुठी आहे तेवढं समजलं म्हणजे झालं."

त्यांच्या या "कुठी"मध्ये तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. मशीन कोणत्या गावात, कोणत्या वस्तीत आहे? कोणत्या इमारतीत आहे? आणि कोणतं दार वाजवायचं? पहिल्याचं उत्तर मोबाइलचा टॉवर देतो. दुसऱ्याला वायफाय किंवा उपग्रह लागतो. तिसऱ्याला यातलं काहीच पुरत नाही. तिन्हींची उत्तरं एकाच ठिपक्यात कोंबायची नाहीत, हे आजच वहीत लिहून ठेवलं.

आणखी दोन गोष्टी ठरल्या. मशीनचं आवरण उघडायचं नाही; डबी बाहेरून, मागच्या बाजूला, हवा आत घेणाऱ्या जाळीपासून दूर बसवायची. आणि डबीत लिथियमची बॅटरी घालायची नाही. ऑक्सिजनच्या आसपास आग कशी भडकते हे ठाऊक असताना तो धोका घेण्यात अर्थ नाही. निकेल-मेटल हायड्राइडचे साधे सेल वापरू. जड आहेत, पण चालतील.

१५ फेब्रुवारी

सुरुवात जीपीएसपासून, कारण सगळ्यांच्या डोक्यात पहिलं तेच येतं. "जीपीएस लावा ना" हे वाक्य या आठवड्यात येताजाता ऐकलं.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. प्रत्येक उपग्रह स्वतः कुठे आहे आणि स्वतःच्या घड्याळात किती वाजले एवढंच सांगत राहतो. आपला रिसीव्हर काही पाठवत नाही, नुसता ऐकतो. संदेश यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं. प्रकाश एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो, म्हणजे घड्याळ तेवढंसं चुकलं तरी माणूस महालातून गांधीबागेत पोचला. रिसीव्हरचं घड्याळ तर स्वस्त क्वार्ट्झचं. म्हणून अक्षांश, रेखांश, उंची या तीन अज्ञातांसोबत स्वतःच्या घड्याळाची चूक हे चौथं अज्ञातही सोडवावं लागतं. किमान चार उपग्रह लागतात ते यामुळे.

जमिनीवर पोचेपर्यंत हा संदेश इतका क्षीण होतो की रिसीव्हरच्या स्वतःच्या विद्युत गोंगाटाखाली दबलेला असतो. त्याचा सांकेतिक क्रम आधीच माहीत असतो म्हणूनच तो शोधून काढता येतो. गच्चीवर डबी ठेवली तर दोन-तीन मीटरची अचूकता सहज मिळाली. तीच डबी खाली वाड्यातल्या मधल्या खोलीत, दोन हात जाडीच्या भिंतींमध्ये नेली आणि एकही उपग्रह दिसेना. खिडकीपाशी दोन दिसले, तेही भिंतींवरून परावर्तित होऊन आलेले. परावर्तित संदेश जास्त वाट चालून येतो, त्यामुळे रिसीव्हरला अंतर जास्त वाटतं. काहीच न मिळणं परवडतं, ही खोटी खात्री परवडत नाही.

रुग्णाचा पलंग आणि त्याच्या शेजारची मशीन घराच्या आतच असणार. म्हणजे जीपीएस हा आपला मुख्य आधार होऊ शकत नाही. मशीन गाडीवर चढली, अंगणात आली, तेव्हा तो कामाचा.

२ मार्च

सकाळी ऊन चढायच्या आत झिरो माइलला जाऊन आलो. विधानभवनाजवळचा तो दगडी खांब आणि चार घोडे सगळ्यांना माहीत आहेत. हा देशाचा मध्यबिंदू, असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. मला तिथे जायचं होतं ते वेगळ्या कारणाने. तो १९०७ सालचा सर्वेक्षण खात्याचा उंचीचा प्रमाणबिंदू आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे १,०२० फूट म्हणजे ३११ मीटर. उंची पक्की माहीत असलेली जागा घराजवळ असताना आपला रिसीव्हर तिथे तपासून न पाहणं बरं नव्हे.

कच्चा आकडा ३११च्या बराच खाली आला आणि तो तसाच यायला हवा. जीपीएस उंची मोजतो ती पृथ्वीच्या एका गुळगुळीत गणिती आकारावरून. खरी समुद्रसपाटी गुरुत्वाकर्षणाप्रमाणे वरखाली होते, भारताखाली ती त्या आकाराच्या बरीच खाली आहे. नागपुरात हा फरक ५० मीटरहून जास्त भरतो. काही रिसीव्हर तो फरक आतल्या तक्त्यातून दुरुस्त करून देतात, काही देत नाहीत. कोणता आकडा हातात आहे हे माहीत नसताना मजला काढायला बसलो तर दहा मजल्यांची इमारतही जमिनीत जाईल.

परतताना हिंगणघाट मनात होतं. १८०२ साली मद्रासहून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू करणारा विल्यम लॅम्बटन नागपूरकडे येत असताना २० जानेवारी १८२३ रोजी तिथेच वारला. त्याची कबर तिथे आहे. थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र) आणि मोजणीची साखळी घेऊन त्याने वीस वर्षं जे केलं तेच आपण तळहाताएवढ्या डबीत करतो आहोत: ठाऊक असलेल्या बिंदूंवरून न ठाऊक बिंदू काढायचा. कोणत्याही मापासोबत चूक किती असू शकते हेही लिहावं लागतं. आपल्या मोबाइलच्या नकाशावर निळ्या ठिपक्याभोवती फिकट वर्तुळ असतं, ते हेच. लोक ठिपका पाहतात, वर्तुळ पाहत नाहीत.

आपल्या पडद्यावर वर्तुळ ठळक आणि ठिपका फिका असेल. किंबहुना ठिपका नसलाच तर उत्तम.

९ मार्च

टॉवर. डबीतलं फोर-जी मोड्यूल कोणत्या सेलला (टॉवरच्या एका अँटेनाच्या टापूला) जोडलं आहे त्याचा क्रमांक, आसपासचे सेल आणि त्यांची ताकद हे सगळं देतं. शिवाय टायमिंग अॅडव्हान्स मिळतो: टॉवरपर्यंत संदेश वेळेवर पोचावा म्हणून मोबाइलला तो किती आधी सोडावा लागतो त्याचं माप. जुन्या टू-जीत या मापाची एक पायरी सुमारे ५५० मीटरची होती, फोर-जीत ती ७८ मीटरची आहे. एका टॉवरवर सहसा तीन दिशांना तीन अँटेना असतात. म्हणून हातात येणारी जागा टरबुजाच्या फोडीसारखी निघते, आणि टायमिंग अॅडव्हान्स मिळाला तर त्या फोडीतली एक पट्टी.

सीताबर्डीत टॉवर इतके दाट की दोनतीनशे मीटरवर येता येतं. उमरेड रोडने शहराबाहेर पडलं की हीच पट्टी काही किलोमीटर लांब होते. गाव कळतं, घर कळत नाही. पण "मशीन नागपुरातच आहे की यवतमाळला गेली" याचं उत्तर पक्कं मिळतं, आणि काकांच्या निम्म्या चिंता तेवढ्याने मिटतील.

१६ मार्च

वायफाय. या प्रकल्पाचा खरा कणा हाच ठरणार.

प्रत्येक राउटर आपला एक कायमचा क्रमांक सेकंदाला कित्येकदा हवेत सांगत असतो. पासवर्ड लागत नाही, जोडावं लागत नाही, नुसतं ऐकायचं. रस्त्याने जाणाऱ्या कोट्यवधी फोनांनी "हा क्रमांक इथे ऐकू आला" असं कळवून कळवून मोठ्या कंपन्यांकडे त्याची कोठारं भरली आहेत. डबीने ऐकलेले क्रमांक आणि त्यांची ताकद तिकडे पाठवली की अक्षांश-रेखांश आणि शंकेची त्रिज्या परत येते. महालात एका खोलीत बसून कितीतरी राउटर ऐकू आले. त्रिज्या तीस-चाळीस मीटर. जिथे एकही उपग्रह दिसत नव्हता त्याच खोलीत.

याची खोट अशी की राउटर माणसांबरोबर घर बदलतो. नंदनवनातून बेसा रोडला राहायला गेलेल्या एका कुटुंबाचा राउटर कोठारात अजून नंदनवनातच होता. त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहिलो असतो तर कार्यकर्ता शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला असता. म्हणून नियम केला: एकमेकांशी जुळणारे किमान तीन राउटर हवेत, बाकीच्यांपासून फटकून असलेला बाजूला काढायचा आणि उत्तर टॉवरच्या फोडीत बसतं का ते ताडून पाहायचं. बसत नसेल तर पडद्यावर "खात्री नाही" एवढंच लिहून यावं. फोनचे हॉटस्पॉटही गाळायचे. त्यांचे क्रमांक बहुधा तात्पुरते असतात आणि दुसऱ्या अक्षरावरून ओळखता येतात: तिथे २, ६, ए किंवा ई असतं.

ज्यांना आपला राउटर या कोठारात नको असतो ते त्याच्या नावाच्या शेवटी अंडरस्कोर आणि "नोमॅप" जोडतात. आम्ही स्वतः गल्ल्यांतल्या राउटरांची जी छोटी यादी करतो आहोत तिच्यातही असे राउटर घेणार नाही.

२३ मार्च

आज इंटरनेटच्या पत्त्यावरून म्हणजे आयपीवरून ठिकाण काढून पाहिलं, कारण एका स्वयंसेवकाने ते फुकटात होतं असं सुचवलं होतं. डबी महालात टेबलावर. एका सेवेने मुंबई सांगितली, कारण मोबाइल कंपनीचं इंटरनेटचं दार तिथे उघडतं. दुसरीने २० अंश उत्तर, ७७ अंश पूर्व असा सरळसोट आकडा दिला.

तो नकाशावर टाकला. वाशीम शहराच्या नैर्ऋत्येला, वीसेक किलोमीटरच्या आत. तिथे आपली काहीच मशीन नाही. हा आकडा म्हणजे अमेरिकेच्या सीआयएच्या जागतिक माहितीपुस्तकात दिलेले भारताचे ढोबळ अक्षांश-रेखांश. "भारतात कुठेतरी" एवढंच माहीत असताना सेवेने गप्प बसण्याऐवजी तो बिंदू दिला.

हे साधं वाटत असेल तर अमेरिकेतलं कॅन्ससमधलं पॉटविनचं प्रकरण आठवावं. तिथल्या एका आयपी कोठाराने "अमेरिकेत कुठेतरी" यासाठी ३८ अंश उत्तर, ९७ अंश पश्चिम हा बिंदू वापरला आणि तो नेमका एका शेतघराच्या आवारात पडला. वर्षानुवर्षं पोलीस, चोरीला गेलेल्या फोनांचे मालक, चिडलेली माणसं त्या घरी येत राहिली. २०१६ साली बातमी झाली तेव्हा कुठे कारण उघड झालं आणि कंपनीने तो बिंदू एका तळ्यात हलवला.

आपल्या वाशीमच्या शिवारात कोणाच्या तरी दारात उद्या असंच कोणी जाऊन उभं राहील, "तुमच्या घरात चोरीचा मोबाइल आहे" म्हणेल, आणि त्या माणसाला हे कुठून आलं ते कधीच कळणार नाही. माहीत नसलेल्या जागेला आकडा देणं हा अन्याय आहे. आपल्या प्रणालीत आयपीवरून ठिकाण हा प्रकार नाही. डबीला काही ऐकू आलं नाही तर पडद्यावर नकाशाच उघडणार नाही. शेवटची पक्की जागा आणि तारीख दिसेल, बस.

३० मार्च

मजल्याचा प्रश्न. हवेच्या दाबाचा सेन्सर बसवला. वर जाऊ तसा दाब कमी होतो: इथे एक हेक्टोपास्कल (दाबाचं एकक) घटला म्हणजे सुमारे नऊ मीटर चढलो, एक मजला म्हणजे एक तृतीयांश हेक्टोपास्कल. सेन्सर तेवढा फरक सहज ओळखतो. पण नागपुरात दाब दिवसभरात आपोआपच तीन-चार हेक्टोपास्कल वरखाली होतो; नुसता आकडा पाहिला तर सकाळी पहिल्या मजल्यावरची मशीन दुपारी दहाव्यावर गेल्यासारखी वाटेल. म्हणून असाच एक सेन्सर संस्थेच्या कार्यालयात ठेवला आणि दोघांतला फरक घेतो. त्या इमारतीच्या जमिनीची उंची नकाशावरून वजा करायची. एका मजल्याची चूक धरून चाला. तरी सहा मजली इमारतीत सगळी दारं वाजवावी लागत नाहीत.

१३ एप्रिल

या नोंदीसाठी जास्त जागा ठेवली आहे.

मानेवाड्याच्या एका घरी डबी लावलेली पहिली मशीन घेऊन गेलो. रुग्ण एक आजोबा, फुप्फुसाच्या आजाराचे. त्यांची सून दार उघडून म्हणाली, "हे काय लावून राहिले दादा मागं?" समजावून सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, "मग आम्ही बाबांना घेऊन कुठी कुठी जातो, ते सारं तुम्हाले दिसन का?"

रास्त प्रश्न. कॉन्सन्ट्रेटर चोवीस तास माणसाच्या शेजारी असतो. मशीनचं ठिकाण म्हणजे त्या घराचं, त्या आजाऱ्याचं ठिकाण. कोण कोणत्या दवाखान्यात जातं, कधी माहेरी जातं, कधी घर रिकामं असतं, हे सगळं त्यातून कळतं. संस्थेला यातलं काही जाणून घ्यायचा अधिकार नाही. तिला फक्त मशीन परत हवी.

८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जामिनाची अट म्हणूनसुद्धा आरोपीला गुगल मॅपवर आपलं ठिकाण तपास यंत्रणेला दाखवत राहायला लावता येणार नाही. जिथे आरोपीला हे संरक्षण आहे तिथे श्वासासाठी मशीन मागायला आलेल्या माणसाला नसावं? २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही संमती मोकळी, नेमक्या कारणापुरती आणि परत घेता येणारी असावी असं म्हणतो. "मशीन हवी असेल तर इथे सही करा" ही मोकळी संमती नव्हे.

म्हणून रचनाच बदलली. डबी आपणहून ठिकाण कळवणार नाही. दिवसातून एकदा "सुरू आहे, सेल ठीक आहे" इतकंच. परतीची तारीख उलटून गेली, फोन लागले नाहीत, दिलेल्या पत्त्यावर माणूस जाऊन आला, तरी पत्ता लागला नाही, तरच संस्थेचे दोन पदाधिकारी मिळून विचारणा करू शकतील. विचारणा झाली की डबीवरचा दिवा लुकलुकेल आणि घरच्यांच्या नोंदलेल्या नंबरांवर संदेश जाईल. प्रत्येक विचारणेची नोंद राहील, ती कुटुंबाला मागता येईल. आणि ज्यांना डबी नको त्यांना बिनडबीची मशीन मिळेल, तेवढ्याच अनामतीवर. काकांनी या शेवटच्या कलमावर थोडा विचार केला आणि होकार दिला. सूनबाईंनी डबीची मशीन ठेवून घेतली.

२० एप्रिल

बाजारात मिळणारे ब्लूटूथचे तयार टॅग का नकोत, हे लिहून ठेवतो, कारण ते परत परत विचारलं जातं. ते आसपासच्या अनोळखी फोनांच्या आधारे सापडतात. मे २०२४पासून अॅपल आणि गुगल दोघांच्याही फोनांवर "एक अनोळखी टॅग तुमच्यासोबत फिरतो आहे" असा इशारा येतो. पाळत ठेवणाऱ्यांपासून, विशेषतः बायकामुलींच्या संरक्षणासाठी, तो आवश्यक आहे. आपल्या बाबतीत तो रुग्णाच्या घरच्यांनाच रोज घाबरवेल.

४ मे

डबीची गोष्ट वस्तीत पसरली. हरवलेले मोबाइल शोधून द्या म्हणून लोक येऊ लागले. सगळ्यांना एकच सांगतो. आयएमईआय नावाचा पंधरा आकडी क्रमांक आधीच लिहून ठेवा. तारा हॅश शून्य सहा हॅश (*#06#) दाबलं की तो दिसतो. फोन गेला तर पोलिसांत तक्रार द्या आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो बंद करायला टाका. पुन्हा कोणी त्यात सिम घातलं की ते मोबाइल नेटवर्कला कळतं आणि माहिती पोलिसांकडे जाते. आयएमईआयवरून आम्हाला किंवा दुकानदाराला ठिकाण काढता येत नाही. पैसे घेऊन काढून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

१८ मे

उन्हाळा भरात. पत्र्याच्या खोलीतली डबी दुपारी हात लावू देईना. सेलांची क्षमता घसरली, पण डबी बंद पडली नाही. दिवसाचा "ठीक आहे" संदेश पहाटे पाचला हलवला.

१ जून

शेवटचे काही मीटर. इमारत कळली, मजला साधारण कळला, पुढे काय? कार्यकर्त्याच्या फोनवर डबीचा ब्लूटूथ ऐकून ताकद दाखवणारं साधं पान बनवलं. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की ताकद सहा डेसिबलने कमी होते. पण घरात मधे भिंत, लोखंडी कपाट, स्वतःचं शरीर आलं की हे गणित मोडतं. म्हणून मीटरचा आकडा काढून टाकला. फक्त "वाढतंय" किंवा "कमी होतंय" दिसतं. अल्ट्रा-वाइडबँड मोड्यूल लावलं असतं तर वितीच्या अंतराने सांगितलं असतं, पण कार्यकर्त्यांच्या फोनांत ते नाही. डबीत एक छोटा बझर टाकला. दारात उभं राहून, घरच्यांना सांगून, तो वाजवायचा. सगळ्यात खात्रीचं साधन तेच.

११ जून

पहिली खरी विचारणा. परतीची तारीख केव्हाच उलटलेली, दिलेल्या पत्त्यावर कुलूप, दोन्ही नंबर बंद. पदाधिकाऱ्यांनी सह्या केल्या. टॉवरची पट्टी मनीषनगरच्या बाजूला, वायफायचे पाच राउटर एकमेकांशी जुळलेले, वर्तुळ पन्नास मीटरचं, दाबावरून तिसरा किंवा चौथा मजला. वर्तुळात तीन इमारती होत्या. त्यातली एकच चार मजल्यांची.

कार्यकर्ती ताई गेली. तिला आधीच सांगितलं होतं की कोणालाही "तुमच्याकडे मशीन आहे" असं म्हणायचं नाही. "संस्थेची मशीन या भागात आहे असं दिसतं, तुम्हाला काही ठाऊक आहे का" असं विचारायचं. चौकीदाराला विचारलं, तो थेट घेऊन गेला. रुग्ण आधीच गेले होते. मुलगी आईला आपल्याकडे घेऊन आली होती, मशीन माळ्यावर झाकून ठेवलेली. "द्यायची होती हो, कोणाले फोन करावं तेच समजत नव्हतं," असं ती म्हणाली. फिल्टर धुळीने भरलेला, बाकी सगळं ठणठणीत.

१४ जून

ती मशीन साफ करून, ऑक्सिजनची टक्केवारी मोजून, प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या रुग्णाकडे गेली; ते मेडिकलच्या (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या) वॉर्डातून त्याच दिवशी घरी आले.

पडद्यावर दोन बदल करायचे आहेत. वर्तुळाखाली "कशावरून" हे मोठ्या अक्षरात यावं: टॉवर, वायफाय की उपग्रह, आणि किती वाजताचं. आणि वर्तुळात दोनहून जास्त इमारती असतील तर ताईंना नकाशा न देता रस्त्याचं नाव आणि इमारतींची यादी द्यावी; उन्हात स्कूटी थांबवून नकाशा वाचणं जमत नाही. संमतीपत्र मराठीत झालं, हिंदी सोमवारपर्यंत. हलबीभाषक दोन कुटुंबं यादीत आहेत; त्यांना कागद वाचून समजावणारं कोणी मिळतं का ते काका बघत आहेत.